नाचणाऱ्या बाईकडे लोक तोंड वाकडं करून बघायचे, तेव्हा मादाम मेनकांनी खंडाळ्यात नृत्याची शाळा काढली होती

वैभववाडीची एखादी मुलगी बारावीनंतर घरी म्हणाली की मला नाचातच करिअर करायचं आहे, तर आजही पहिला प्रश्न येतो तो पोटापाण्याचा. गॅदरिंगला नाच, गणपतीत नाच, हौस म्हणून क्लास लाव, सगळं चालतं. पण त्यावर घर कसं चालणार? क्लास काढायचा तर जागा हवी. कार्यक्रम करायचा तर तबला-पेटीवाल्यांचं मानधन, कपडे, मेकअप, हॉलचं भाडं, गाडीचं भाडं. बरेचदा कार्यक्रमातून आलेले पैसे त्याच कार्यक्रमात संपतात आणि नाचणाऱ्याच्या हातात राहतात ते फोटो.

हे गणित नवीन नाही. साधारण शंभर वर्षांपूर्वी मुंबईत एका बाईने तेच गणित मांडलं होतं. फक्त तिच्यापुढे पोटापाण्याच्या आधीचा एक प्रश्न होता. बाईने चारचौघांत, तिकीट लावून नाचावं का?

त्या बाईचं नाव लीला सोखी. जगाने तिला ओळखलं ते मादाम मेनका या नावाने.

त्यांचा जन्म १८९९ चा, बारिसालचा. हे गाव आता बांगलादेशात आहे. माहेरचं आडनाव रॉय. घर सुखवस्तू, शिक्षण इंग्लंडमध्ये, आणि तिथे हातात आलं ते व्हायोलिन. म्हणजे सुरुवात नाचाने झालीच नाही. पुढे त्यांचं लग्न झालं साहिबसिंग सोखी यांच्याशी. हे सोखी इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे ते पहिले भारतीय संचालक झाले, पुढे मेजर जनरल झाले, स्वातंत्र्यानंतर राज्यसभेवरही गेले. औषधं भारतातच आणि स्वस्तात बनली पाहिजेत म्हणून भांडणाऱ्या सुरुवातीच्या माणसांत त्यांचं नाव येतं. तो एक वेगळाच विषय आहे.

तर अशा मोठ्या सरकारी डॉक्टरची इंग्लंडमध्ये शिकलेली बायको. तिने पायात घुंगरू बांधायचं ठरवलं.

त्या काळची मुंबई काय होती हे थोडं समजून घेतल्याशिवाय यातली जोखीम कळत नाही. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी राजा हरिश्चंद्र काढला तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना बाई मिळाली नाही. साळुंके नावाच्या पुरुषाने साडी नेसून ती भूमिका केली. त्याच वर्षी दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी भस्मासुरमध्ये दिसल्या, पण त्या अपवाद. मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांचं राज्य होतं, म्हणजे नायिकासुद्धा पुरुषच. हिराबाई बडोदेकर याच सुमारास जाहीर मैफली करू लागल्या होत्या, पण ते गाणं होतं. नाच ही त्याच्याही पुढची पायरी होती.

बायका नाचत नव्हत्या असं अजिबात नाही. तमाशाच्या फडांत नाचत होत्या. गोव्यातल्या देवळांत आणि सावंतवाडीकडच्या मुलखात कलावंतिणी होत्या, भाविणी होत्या. मुंबईतल्या कोठ्यांवर उत्तरेतून आलेल्या, ठुमरीवर अदा करणाऱ्या बायका होत्या. नाच त्यांनीच जिवंत ठेवला होता, आणि त्यांच्यामुळेच तो बदनाम आहे असं सभ्य समाज म्हणत होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून नाचाच्या मैफलींवर बहिष्कार टाकण्याची चळवळ देशभर सुरू झाली होती. १९३४ मध्ये मुंबई प्रांतात देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला. मुली देवाला सोडण्याची प्रथा बंद व्हायलाच हवी होती, त्याबद्दल वाद नाही. पण या सगळ्या गदारोळात ज्या बायकांना नाचाखेरीज दुसरं काही येत नव्हतं, त्यांचं पुढे काय, याचं उत्तर फार कमी जणांनी शोधलं.

मेनकांचा सगळा प्रवास या दोन टोकांच्या मध्ये आहे. नाच करणाऱ्या जुन्या बायका बाहेर फेकल्या जात होत्या आणि नाच करणाऱ्या नव्या बायका आत यायला घाबरत होत्या.

त्यांना धक्का दिला तो एका रशियन बाईने. ॲना पाव्हलोव्हा ही त्या वेळची जगातली सर्वात नावाजलेली बॅले नर्तकी. १९२० च्या दशकात ती दोनदा भारतात आली. इथलं नृत्य तिला बघायचं होतं आणि ते तिला नीटसं कुठे दिसेना, कारण ते थिएटरात नव्हतंच. पण तिने जाता जाता काही तरुण भारतीयांच्या डोक्यात खूळ भरलं. लंडनला चित्रकला शिकणाऱ्या उदय शंकरला तिने आपल्याबरोबर नाचायला लावलं. मद्रासच्या रुक्मिणीदेवींना आपल्या मातीतलं नृत्य शोधायला सांगितलं. आणि मुंबईत तिने लीला सोखींना प्रोत्साहन दिलं. भारतीय नृत्याच्या पुनरुज्जीवनात एका रशियन बाईचा एवढा हात असावा ही गोष्ट तशी गमतीची आहे.

लीलाबाईंनी निवडलं ते कथक. हा सोपा मार्ग नव्हता. भरतनाट्यमला देवळाचा आधार होता, म्हणून त्याला पावित्र्याचं वलय देणं तुलनेने सोपं गेलं. कथक होतं दरबारातलं आणि कोठ्यावरचं. त्याचे गुरू म्हणजे लखनौ घराण्याचे पिढीजात कलावंत. पंडित सीताराम प्रसाद, अच्छन महाराज, लच्छू महाराज, रामदत्त मिश्र अशा गुरूंकडून त्यांनी शिक्षण घेतलं. वय तिशीकडे झुकलेलं. आजही ज्या वयात नर्तकीला आता स्थिरस्थावर हो म्हणून सांगतात, त्या वयात या बाई तत्कार घोटत होत्या.

संस्थानांचा आश्रय आटत चालला होता, त्यामुळे गुरूंनाही नव्या शिष्यांची, नव्या शहराची गरज होती. मुंबईत पैसा होता. ही देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होती, हे लक्षात घेतलं पाहिजे.

स्टेजवर उतरताना त्यांनी नाव घेतलं मेनका. विश्वामित्राची तपश्चर्या मोडणारी अप्सरा. नाव बदलण्यामागे साधं व्यावहारिक कारणही असणार, कारण सरकारी अधिकाऱ्याच्या बायकोचं नाव जाहिरातीच्या फलकावर लागणं त्या काळात सोपं नव्हतं. पण नाव लपवायचंच होतं तर एखादं सोज्वळ नाव घेता आलं असतं. त्यांनी नेमकी अप्सरा निवडली.

१९२० चं दशक संपता संपता त्यांचे मुंबईत कार्यक्रम सुरू झाले आणि इथून त्यांची खरी कामगिरी सुरू होते. त्या नुसत्या नाचल्या नाहीत, त्यांनी नाचाचा व्यवसाय बांधला.

कथक हे मुळात बैठकीचं नृत्य. समोर दहा-वीस जाणकार बसलेले, नाचणारा एकटा, त्याच्या भुवईची हालचालही शेवटच्या माणसाला दिसते. एकच ओळ घेऊन अर्धा तास भाव करायचे, मध्येच तबलजीशी लयीची झटापट, लोक दाद देतात तसं पुढे जायचं. हे सगळं हजार खुर्च्यांच्या थिएटरात चालत नाही. मागच्या रांगेला भुवई दिसत नाही आणि तिकीट काढून आलेल्या माणसाला नऊ वाजता घरी जायचं असतं.

मेनकांनी हा प्रश्न सोडवला तो कथा घेऊन. एकट्या नर्तकीऐवजी समूह, तुटक तोड्यांऐवजी सुरुवात-मध्य-शेवट असलेली गोष्ट, आणि साथीला वाद्यवृंद. कपडे आणि दागिने जुनी चित्रं, शिल्पं पाहून तयार करवून घेतलेले. १९३४ मध्ये कृष्णलीला, १९३५ मध्ये देवविजय नृत्य, मग मेनका लास्यम्. कथकमध्ये नृत्यनाट्य हा प्रकार रुजवण्याचं श्रेय आज त्यांना दिलं जातं ते यासाठी.

आणि मंडळ म्हटलं की खर्च आला. एकटी नर्तकी दोन साथीदारांवर भागवू शकते. मंडळात नर्तक, नर्तकी, वादक, कपडे सांभाळणारे, सामान, सगळ्यांचा प्रवास, जेवण, राहणं. कार्यक्रम असो नसो, रोजचा सराव चुकत नाही आणि सराव करणाऱ्याला रोज जेवावं लागतं. नाचावर पोट असलेल्या तरुणांसाठी असं मंडळ म्हणजे बांधील काम होतं, जे त्या काळात दुर्मिळ होतं. मेनकांना हे जमलं कारण त्यांच्या घरी नवऱ्याचा पगार येत होता, इंग्रजी येत होतं, ओळखी होत्या, आणि जन्माने त्यांच्यावर कुठला शिक्का नव्हता. केनेडी ब्रिजजवळ राहणाऱ्या एखाद्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या बाईकडे यातलं काहीच नव्हतं, कला मात्र कदाचित जास्त होती. मेनकांचं मोठेपण मान्य करतानाही हे विसरून चालत नाही.

या मंडळात एक लहान मराठी मुलगी होती. दमयंती जोशी. जन्म १९२८, मुंबई. मेनकांनी आपलं मूल गमावलं होतं आणि या चुणचुणीत मुलीला दत्तक घ्यायची त्यांची इच्छा होती. दमयंतीच्या आईवडिलांनी, रामचंद्र आणि वत्सला जोशींनी, मुलगी द्यायला नकार दिला. पण दार बंद केलं नाही. दोन्ही घरांनी मिळून मुलीला वाढवायचं ठरलं. आता हा प्रसंग त्या काळात ठेवून बघा. मध्यमवर्गीय मराठी कुटुंब, पोर शाळेच्या वयाची, आणि तिला नाचाच्या मंडळात सोडायचं! शेजारीपाजारी, नातेवाईक, पुढे लग्न कसं होणार हा प्रश्न. इतिहासात मेनकांचं धाडस लिहिलं जातं, वत्सलाबाईंचं फारसं नाही.

१९३६ मध्ये मेनका आपलं मंडळ घेऊन बोटीने युरोपला गेल्या. हा दौरा चालला १९३८ पर्यंत. आज परदेश दौरा म्हटलं की पंधरा दिवस आणि पाच शहरं असतात. इथे दोन वर्षं, जर्मनी, हॉलंड आणि आसपासचे देश, मोठी शहरं आणि लहान गावं मिळून शेकडो प्रयोग. आज या गावात नाचायचं, उद्या गाडी पकडायची, परवा दुसऱ्या गावात पेट्या उघडायच्या. लखनौ-बनारसच्या वळणाचे नर्तक आणि वादक युरोपच्या हिवाळ्यात अनवाणी स्टेजवर उभे राहत होते. सरोदवादक सखावत हुसेन खाँ यांच्यासारखा घराणेदार कलावंत त्यात होता. आणि आठ-नऊ वर्षांची दमयंतीही होती.

दौऱ्याचा सगळ्यात गाजलेला आणि सगळ्यात अडचणीचा भाग म्हणजे बर्लिन. १९३६ चं ऑलिंपिक हिटलरच्या जर्मनीत झालं हे आपल्याला ध्यानचंदमुळे माहीत असतं. त्याच्या थोडं आधी, जुलै महिन्यात, बर्लिनमध्ये आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धा भरली होती. अमेरिकेची मार्था ग्रॅहम हिलाही बोलावणं होतं. आपल्या मंडळात ज्यू कलाकार आहेत आणि या राजवटीने कलाकारांचे काय हाल चालवलेत हे दिसत असताना आपण येणार नाही, अशी भूमिका घेऊन तिने नकार कळवला. आयोजनात पुढाकार असलेल्या रुडॉल्फ फॉन लाबान या नृत्यगुरूचा स्वतःचा भव्य प्रयोग गोबेल्सने रंगीत तालमीनंतर बंद पाडला.

मेनका मात्र गेल्या आणि नाचल्या. त्यांच्या मंडळाला तिथे तीन पारितोषिकं मिळाल्याची नोंद भारतीय नृत्याच्या पुस्तकांत सापडते. भारतात याचं कौतुक झालं, आजही होतं. पण ती राजवट कोणती होती हे बाजूला ठेवून नुसतं कौतुक करता येत नाही. गुलाम देशातल्या कलावंताला, ज्याला आपल्याच शहरात अजून मान मिळायचा आहे, युरोपातला कुठला दरवाजा उघडा आहे हे बघायची चैन परवडत होती का, हा प्रश्न विचारता येतो. मार्था ग्रॅहमलाही त्या वेळी पैशाची ओढाताण होतीच, हेही खरं.

याच काळातली आणखी एक गोष्ट. जर्मनीत रिचर्ड आइशबर्ग हा दिग्दर्शक भारतावर एक चित्रपट काढत होता, एश्नापूरचा वाघ अशा अर्थाच्या नावाचा. तो १९३८ मध्ये आला. मेनकांचं मंडळ त्यात नाचलं. पण चित्रपटातली मुख्य, भारतीय म्हणून दाखवलेली नर्तकी होती ला याना, व्हिएन्नात जन्मलेली युरोपीय नटी. खऱ्या कथक नर्तकी मागे आणि भारतीय वेश केलेली गोरी नायिका पुढे. मागच्या रांगेत नाचणाऱ्या कुठल्याही तरुण नर्तकाला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

परत आल्यावर मेनकांनी दोन मोठी कामं केली.

पहिलं म्हणजे १९३९ मध्ये मालविकाग्निमित्र. कालिदासाच्या नाटकातली मालविका ही स्वतःच नृत्य शिकणारी मुलगी आहे. दोन नृत्यगुरूंचं भांडण लागतं, कोण श्रेष्ठ हे ठरवायला शिष्येला राजासमोर नाचावं लागतं आणि गोष्ट पुढे सरकते. नृत्याच्या मंडळासाठी याहून चांगला विषय शोधून सापडला नसता. यात मेनकांनी एकट्या कथकवर न थांबता कथकली आणि मणिपुरीही वापरलं.

दुसरं काम खंडाळ्याचं. तिथे त्यांनी नृत्यालयम् नावाची निवासी शाळा सुरू केली. त्या काळात देशभर अशा संस्था उभ्या राहत होत्या. वल्लत्तोळ यांचं केरळ कलामंडलम् १९३० चं, रुक्मिणीदेवींचं कलाक्षेत्र १९३६ चं, उदय शंकरचं अल्मोड्याचं केंद्र १९३९ चं. पश्चिम भारतातलं त्याच तोडीचं ठिकाण म्हणजे खंडाळा. मुंबई-पुण्याच्या मध्ये, घाटमाथ्यावर, रेल्वे दाराशी. कथक, कथकली, मणिपुरी शिकवायला त्या त्या प्रांतातले गुरू राहायला आणले होते. मुलींनी तिथेच राहायचं, एकाहून जास्त शैली शिकायच्या आणि पुढे त्यावर उभं राहायचं, अशी कल्पना. शिरीन वजिफदार ही पारशी मुलगी इथेच शिकली आणि पारशी समाजातली शास्त्रीय नृत्याची पहिली कलावंत म्हणून ओळखली गेली. तिलाही घरच्या समाजाचा विरोध सोसावा लागला.

अशी शाळा फीवर चालत नाही, हे आज कुठलीही नृत्यसंस्था चालवणारा सांगेल. तिला दौरे हवेत, देणगीदार हवेत, शांत काळ हवा. आणि नेमकं तेव्हाच दुसरं महायुद्ध सुरू झालं. युरोपचा रस्ता बंद झाला, म्हणजे कमाईचा मुख्य रस्ताच बंद झाला. महागाई, रेशन, प्रवासाची मारामार. पुढे मेनकांची तब्येत बिघडली. मूत्रपिंडाचा आजार जडला. खंडाळ्याची शाळा बंद पडली. जवळपास त्याच काळात अल्मोड्याचं केंद्रही बंद पडलं. कलाक्षेत्र आणि कलामंडलम् टिकले, आज जगप्रसिद्ध आहेत. खंडाळा लोकांना आठवतं ते आमीर खानच्या गाण्यामुळे.

३० मे १९४७ रोजी मेनका गेल्या. वय ४७. स्वातंत्र्य अडीच महिन्यांवर होतं. त्यानंतर अकादम्या, सरकारी शिष्यवृत्त्या, सांस्कृतिक शिष्टमंडळं हे सगळं आलं. ज्या आधाराशिवाय त्यांनी वीस वर्षं मंडळ ओढलं, तो आधार त्यांच्यानंतर लगेचच उभा राहिला. त्याच १९४७ साली पुण्यात रोहिणी भाटे यांनी नृत्यभारती सुरू केली आणि मराठी घरांतल्या मुली कथक शिकायला लागल्या.

मंडळ मोडल्यावर कलाकारांचं काय झालं? मुंबईत नाचणाऱ्यांना पैसे देणारं ठिकाण एकच उरलं होतं, ते म्हणजे सिनेमा. लच्छू महाराजांसारखा थोर गुरूही तिकडे वळला. मुगल-ए-आझम आणि पाकीजामधल्या नृत्यांमागे त्यांचा हात आहे.

दमयंती जोशी तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. लहानपणापासून ज्या मंडळात वाढल्या ते संपलं होतं. नृत्यनाट्य करायचं तर पुन्हा मंडळ हवं, म्हणजे पुन्हा तोच खर्च. त्यांनी एकल कथक धरलं. अच्छन, लच्छू आणि शंभू महाराज या तिन्ही भावांकडून शिक्षण घेतलं आणि मेनकांनी जे बैठकीतून उचलून समूहात नेलं होतं, ते परत एकटीच्या बळावर मोठ्या स्टेजवर उभं केलं. साडी नेसून कथक करण्याची पद्धत आणण्याचं श्रेयही त्यांना दिलं जातं. १९६८ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९७० मध्ये पद्मश्री. २००४ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

त्याच्या पंधरा वर्षं आधी, १९८९ मध्ये, संगीत नाटक अकादमीने मेनकांवर एक छोटं पुस्तक काढलं होतं. तोवर मेनकांना जाऊन बेचाळीस वर्षं झाली होती आणि मुंबईतही त्यांचं नाव फारसं कुणाला आठवत नव्हतं. ते पुस्तक दमयंती जोशींनी लिहिलं आहे.